सात कोरडे थर

बिराजदार साहेबांनी माझ्या तळहातावर काळी माती ठेवली आणि सांगितलं, मूठ आवळ.

मी आवळली. म्हणाले, आता उघड, आणि गोळा कमरेएवढ्या उंचीवरून खाली सोड. सोडला. गोळ्याचे तीन तुकडे झाले. साहेब खूश झाले. म्हणाले, हेच पाहिजे. भुगा झाला तर माती कोरडी, मग वरून ठोकायचं लोखंडी धुम्मस कितीही हाणा, कण कणाला धरणार नाही. खाली पडून चपटा झाला आणि तळहात बरबटला तर पाणी जास्त. दोन-तीन तुकडे झाले की थर ठोकायला घ्यायचा. कॉलेजात यासाठी यंत्र असतं, वजनकाटा असतो, माती वाळवायला भट्टी असते. इथं तुझी मूठ आहे.

ही गोष्ट एकोणीसशे त्र्याहत्तरच्या जानेवारीतली. गाव लिंबाळवाडी, तालुका भूम. लागोपाठची सालं पेरलेलं उगवलं नव्हतं आणि गावाच्या वरच्या अंगाला, ओढ्यावर, पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं होतं. मस्टरवर चारशे माणसं. त्यातला मी एक, कोंडीराम. शाळा चौथीपर्यंत. पुढं जे आलं ते किराणा दुकानातल्या पुड्यांचे कागद उलगडून वाचून.

चारशे माणसांत साहेबांनी मलाच का धरलं? तिसऱ्या दिवशी मी विचारलं होतं की मुरूम इथंच पायाशी पडलाय, मग बांधाच्या पोटात भरायला काळी माती एवढ्या लांबून का आणायची. आबाराव मुकादमानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी साहेबांची टोपीच उडवली. साहेब मात्र खाली बसले, काठी घेतली आणि मातीत रेघा ओढल्या. मुरूम वजनाला, काळी माती पाणी अडवायला. बांधाच्या मधोमध काळ्या मातीची भिंत उभी करायची, दोन्ही अंगांनी मुरमाची भर द्यायची. भिंत फुटली तर मुरूम काही कामाचा नाही. दुसऱ्या दिवसापासून मी थर तपासायला लागलो.

लोकांना वाटतं इंजिनिअर शिकलेला आणि मजूर बिनशिकलेला. दोघांनाही शिकवलेलं असतं. इंजिनिअरला चार वर्षं माती शिकवतात आणि नोकरीला लागला की सहा महिन्यांत भीती शिकवतात. मजुराला कुणी बसवून शिकवत नाही. तो वरच्याच्या तोंडाकडं बघून शिकतो, आणि पहिली शिकतो ती गोष्ट ही की साहेबानं काही विचारलं तर ‘व्हय’ म्हणायचं. पाणी मारलं का? व्हय. थर ठोकला का? व्हय. पुढं मी पुष्कळ कामं केली. पडलेल्या भिंती बघितल्या, वाहून गेलेले पूल बघितले. सिमेंट कमी पडलेलं होतं, लोखंड बारीक होतं, हे सगळं खरं. पण त्या प्रत्येकाच्या बुडाशी कुणीतरी ‘व्हय’ म्हणालेलं होतं आणि कुणीतरी ते लिहून घेतलं होतं.

बिराजदार साहेब माणूस वाईट नव्हता. हे मी आधीच लिहून ठेवतो, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही म्हणाल, साहेब हरामखोर होता, सुटला विषय. विषय तसा सुटत नाही. उमरग्याकडचे, घरात कानडी बोलणारे, वय सव्वीस-सत्तावीस. स्वतः मातीत हात घालणारा पहिला साहेब मी बघितला तो हाच. मी वळलेला गोळा माझ्या हातातून घ्यायचे. माझी जात त्यांना माहीत होती. गोळा तरीही घ्यायचे.

पाझर तलाव म्हणजे काय हे आमच्या वस्तीला सगळ्यांच्या आधी कळलं होतं, कारण वस्ती ओढ्याच्या खालच्या अंगाला. आम्ही बौद्ध. छप्पन सालानंतर थोरल्यांनी देव्हारे बुडवले, पण गाव अजून जुन्याच नावानं वस्तीला ओळखायचं. गावच्या विहिरीवर आमच्या बाया खाली घागरी मांडून बसायच्या आणि वरून कुणाला दया आली तर ओतलं जायचं. याविरुद्ध कायदा होता. तो भूमच्या कचेरीत होता. वस्तीचा स्वतःचा एक आड होता, ओढ्याच्या काठावर, माझ्या आज्यानं आणि त्याच्या भावांनी खणलेला. बहात्तरच्या दिवाळीला त्याचा तळ दिसला. वर तलाव झाला, पाणी अडलं, जमिनीत मुरलं, की पहिला पाझर त्या आडाला फुटणार होता. साहेबांनीच काठीनं दाखवलं होतं, इथं बांध, इथं पाणी, ते असं जमिनीखालून चालत येणार, आणि हा तुमचा आड. मी घरी येऊन बायकोला, चांगुणाला, तसंच चुलीपुढच्या राखेत काढून दाखवलं. म्हणालो, एक पावसाळा पडू दे, मग कुणाच्या तोंडाकडं बघायचं काम नाही. ती म्हणाली, पावसाळ्याला पाच महिने हायत, घागर आज रिकामी हाय.

काळ्या मातीचा एक थर नऊ इंचाचा. माती टाकायची, ढेकळं फोडायची, पाणी शिंपडायचं, मूठ बघायची, मग धुम्मसानं ठोकायचं. पाणी टँकरनं यायचं, लांबच्या नदीच्या डोहातून, दिवसाला दोन खेपा. कामावर पत्र्याचा हौद होता, टँकर त्यात रिकामा व्हायचा आणि वीसेक बाया घागरींनी ते पाणी बांधावर नेऊन शिंपडायच्या.

आता हे नीट बघा. गावाला पिण्याच्या पाण्याचा टँकर आठवड्यातून दोनदा, आणि तोही गावच्या विहिरीत ओतलेला. मातीला टँकर रोज दोनदा. मातीचं पाणी एका खात्याचं, माणसाचं पाणी दुसऱ्या खात्याचं, आणि डिझेल मातीच्या खात्याकडं होतं. तोंडाला फडकं बांधून वीस बाया दिवसभर डोक्यावर पाणी वाहायच्या, ते जमिनीवर ओतायच्या, आणि संध्याकाळी घरी जाऊन कालचा गढूळ तांब्या चौघांत वाटून प्यायच्या. हे काम ज्यानं कागदावर आखलं तो माणूस खूप शिकलेला असणार.

अकरा थर मी माझ्या मुठीनं पास केले. मग जवळची काळी माती संपली आणि साहेबांनी मला नवीन खाणीवर पाठवलं, चांगली माती निवडून द्यायला. तिकडं माझे दोन आठवडे गेले. परत आलो तेव्हा एकोणिसावा थर पडत होता. मी सवयीनं मूठ भरून घेतली, आवळली, सोडली. भुगा झाला.

वाटलं, ऊन आहे, वरची माती सुकली असेल. पहार घेतली आणि थराच्या कडेला खड्डा मारला. अठरावा बघितला, भुगा. सतरावा, भुगा. ठोकलेला थर फोडताना पहार वाजायला पाहिजे. ती पिठात जावी तशी आत जात होती. बाराव्या थरापर्यंत खणत गेलो. त्याच्याखाली पहार ठण्णकन वाजली. तिथं माझे थर लागले.

सात थर कोरडे होते. सव्वापाच फूट.

पाण्याच्या बायांची म्होरकी केशरबाई. माझ्या आईची चुलत बहीण, मी तिला मावशी म्हणायचो. पन्नाशीची, विधवा, जिभेला हाड नाही. मी दुपारभर हौदापाशी उभा राहून बघितलं. बाई घागर भरायची, बांधाकडं चालायची, मुरमाच्या ढिगाआड जायची आणि पलीकडून निघायची. एका खेपेला भरलेली घागर बांधावर जायची, दुसऱ्या खेपेला ढिगाआडून रिकामी निघायची. मी ढिगाला वळसा घालून गेलो. बाभळीखाली पोत्यांनी झाकलेल्या घागरी होत्या, हंडे होते, डालड्याचे डबे होते. भाकरी घेऊन येणाऱ्या पोरी जाताना ते खाली घेऊन जात होत्या.

केशरमावशी पदरानं तोंड पुसत माझ्याकडं बघत उभी राहिली. लपवलं काहीच नाही. मी तिला सांगितलं की थर कोरडे चाललेत, बांध टिकणार नाही. ती म्हणाली, “लई शिकलास बाबा. साहेबानं तुझी मूठ वळली, आता तू आमची वळ.” मागच्या बाया हसल्या.

“मावशी, ह्यो बांध आपल्याच आडासाठी हाय,” मी म्हणालो.

“ठावं हाय. तू चांगुणाला सांगितलंस, तिनं समद्यांस्नी सांगितलं, आता सारी वस्ती रेघा वढून दावती. आड भरंल तवा भरंल. घरात सून बाळंतीण पडलीया, पंधरा दिस झालं अंगाला पाणी न्हाय. तिला काय तुझ्या मातीचा गोळा दावू?”

मी म्हणालो, मुकादमाला कळलं तर मस्टरवरून नाव जाईल. त्यावर तर बाया आणखीनच हसल्या. केशरमावशीनं पायानं एक पितळी हंडा पुढं सरकवला. “ह्यो आबाराव मुकादमाच्या बायकूचा, इठाबाईचा. रोज दोन हंडं. तिला इचार जा आधी. आन् कडंची ती काळी घागर वळखलीस का?”

ओळखली. काठाला पोचा होता, मीच पाडलेला. चांगुणा मला बोलली नव्हती. दोन आठवडे मी रोज संध्याकाळी खाणीवरून येत होतो, घरात भरलेला तांब्या असायचा आणि मी घटाघट प्यायचो. पाणी कुठलं, हे विचारलं नव्हतं. बांधाचे ते सात थर मीसुद्धा प्यालो होतो.

काय करायला पाहिजे होतं ते मला माहीत होतं. घागरी उपड्या करायच्या. मी उभा राहिलो. मग पोतं परत नीट टाकलं आणि आलो. एवढं मात्र ठरवलं, साहेबांना सांगायचं.

साहेब गुरुवारी जीपनं आले. मी त्यांना एका बाजूला घेतलं, खड्डा दाखवला. त्यांनी स्वतः मूठ भरली, आवळली. सोडायची गरजच पडली नाही, मूठ उघडतानाच भुगा झाला. त्यांचं तोंड उतरलं. मी दोन गोष्टी मागितल्या. सात थर उकरून पुन्हा भरा, आणि टँकरची एक खेप वाढवा, माणसांसाठी, म्हणजे मातीचं पाणी मातीला राहील.

साहेब दगडावर बसले. रुमालानं एकेक बोट पुसत राहिले. मग हळूहळू मला समजावून सांगायला लागले. थरांचं मोजमाप झालंय. मोजमाप पुस्तकात चढलंय. वरच्या साहेबांनी खाली सही केलीय. आता ते थर उकरायचे म्हणजे वरच्या साहेबांची सही खोटी म्हणायची. तेही एकवेळ म्हणू. पण विचारतील, पाणी कुठं गेलं. मग कुणी नेलं. मग नावं. नावं दिली की वीस बायांची मस्टरवरून नावं कमी, आणि सरकारी पाणी चोरलं म्हणून वर पोलीस.

“तू लेखी दे,” ते म्हणाले. “मी पुढं पाठवतो. पण लेखी दिलंस तर नावं द्यावीच लागतील. बघ.”

मला लिहिता येत होतं. अख्ख्या वस्तीत लिहिता येणारे आम्ही तिघं. मी त्यांना म्हणालो, “बायांची नावं कशाला, साहेब? टँकरचं नाव द्या. माणसाला टँकर आला असता तर मातीचं पाणी कुणी नेलं असतं?”

“माझ्या हातात मातीचा टँकर आहे, कोंडीराम,” साहेब म्हणाले. “माणसांचा नाही.”

मग माझ्याकडं न बघता त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. म्हणाले, वरून अजून वीस थर पडायचेत, एवढं वजन आलं की खालचं आपोआप दबेल.

हे खोटं होतं. कोरडी माती वजनानं दबत नाही, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. मला ते कळलं, आणि मला कळलं हे त्यांना कळलं. तरी मी काय म्हणालो असेन? व्हय म्हणालो.

दुसऱ्या दिवसापासून टँकरच्या तीन खेपा सुरू झाल्या. तिसरी खेप त्यांनी कागदावर कशात बसवली देव जाणे. पण बसवली. एवढं धाडस त्यांच्यात होतं, आणि तेवढंच होतं. एकोणिसावा थर मी पुन्हा भिजवून ठोकून घेतला आणि त्याच्या वरचा एकही थर कोरडा गेला नाही. मी एकेक मूठ मोजून घेतली. बांध वरून पक्का, बुडातून पक्का, आणि पोटात सव्वापाच फूट पीठ. मे महिन्यात काम संपलं तेव्हा मोठे साहेब आले, नारळ फुटला, खायला सुकडी वाटली. आबाराव मुकादमानं माझ्या पाठीवर हात ठेवला. बांधाकडं बघून कुणीही म्हणालं असतं, काय झकास काम झालंय.

त्या साली पाऊस बरा झाला. जुलैत तलावात पुरुषभर पाणी झालं, आणि ऑगस्टात, पंधरा तारखेच्या आसपास, आडात पाणी आलं. आधी ओल, मग वाटीएवढं, मग हाताला लागेल एवढं. अख्खी वस्ती आडाभोवती गोळा झाली. केशरमावशीनं पहिली घागर शेंदली आणि मला दाखवून म्हणाली, “टिकला का न्हाय तुझा बांध? उगा आमास्नी घाबरवीत व्हतास.” मी हसलो. मला मनातून हसू येत नव्हतं. पाणी आठ फुटाला होतं. बाराव्या थराला ते अजून शिवलेलंच नव्हतं.

रोज सकाळी मी बांधावर जायचो. आतल्या उतारावर, बाराव्या थराच्या उंचीला, खुणेचा एक दगड ठेवला होता. साहेबांना तीन वेळा निरोप धाडला की सांडवा आठ फुटापर्यंत खाली खणून घ्या, पाणी त्याच्या वर चढू देऊ नका. हा उपाय मला कुणी शिकवला नव्हता, माझा मीच काढला होता. आज वाटतं, तो चालला असता. निरोपाला उत्तर आलं नाही. सांडव्याची उंची कागदावर मंजूर झालेली होती.

सप्टेंबरच्या वीस तारखेला दोन दिवसांचा पाऊस उघडला. पाणी दगडाच्या वर हातभर गेलं होतं. दुपारी तीनच्या सुमाराला बांधाच्या बाहेरच्या अंगाला, जमिनीपासून पुरुषभर वर, मला रुपयाएवढी ओल दिसली. बघताबघता ती परातीएवढी झाली. मग तिथून पाणी यायला लागलं, आणि ते गढूळ होतं. पाणी स्वच्छ आलं तर पाझर, गढूळ आलं तर आतून माती निघालीय. हेही साहेबांचंच. मी वस्तीकडं ओरडत पळालो. माणसं, शेरडं, जेवढी निघतील तेवढी वरच्या माळावर काढली. काही गडी पोती घेऊन बांधाकडं निघाले, त्यांना मी दगड मारून माघारी फिरवलं.

माणूस एकही गेलं नाही. सगळं जाईपर्यंत अर्धा तास लागला. बांध मधोमध बसला, खचला, आणि त्या खिंडारातून तलाव बाहेर पडला. माळावरून आम्ही बघत होतो. ओढ्याकाठी वस्तीच्या मिळून सहा एकर जमिनी होत्या. त्यांची माती निघून गेली आणि खाली दगड उघडा पडला. बांधाचा मुरूम आडावर येऊन बसला. पाणी ओसरल्यावर आम्ही आड शोधायला गेलो तर जागा कुठली यावरच भांडणं झाली. केशरमावशी मुरमावर बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. मी तिच्याकडं.

डिसेंबरात चौकशी आली. शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलं. लांबून आलेले तीन साहेब, आणि एका खुर्चीवर बिराजदार साहेब. आबारावला विचारलं तर तो म्हणाला, मला मातीतलं काय कळतंय, तपासायला कोंडीराम होता. मग मला बोलावलं.

मी ठरवून गेलो होतो की सगळं सांगायचं. सगळं सांगितलं. सात थर कोरडे होते. पाणी प्यायला गेलं. कुणी प्यालं, तर सगळ्यांनी, मीही प्यालो. प्यालो कारण माणसाला टँकर नव्हता. हे मी मार्च महिन्यातच बिराजदार साहेबांना सांगितलं होतं आणि थर उकरा म्हणालो होतो. बायांची नावं विचारली. एकही दिलं नाही. म्हणालो, माझं लिहा.

मोठ्या साहेबांनी बिराजदारांकडं वळून विचारलं, हा सांगतोय ते खरं आहे का?

बिराजदार साहेबांसमोर कागद होते. ते कागदांकडं बघत राहिले.  मग म्हणाले, “तोंडी काही बोलला असेल. माझ्या लक्षात नाही. लेखी काही नाही.”

अहवालाची प्रत ग्रामपंचायतीत आली तेव्हा मी ती उभ्यानं वाचली. सरकारी मराठी कठीण असतं, पण मला कळलं. बांध फुटण्याचं कारण म्हणून लिहिलं होतं, अकुशल व बेजबाबदार मजुरांनी केलेली पाण्याची चोरी. मी नावं दिली नव्हती, म्हणून त्यांनी नावांऐवजी अख्खी वस्ती लिहिली होती. ‘सदर वस्तीतील स्त्री-मजूर.’ आबारावची विठाबाई त्यात नव्हती, गावातली कुणीच नव्हती. टँकर नव्हता. सांडव्याचे तीन निरोप नव्हते. पुरावा म्हणून एकच गोष्ट होती, माझा जबाब. माझं खरं बोलणं त्यांनी जसंच्या तसं घेतलं, अर्धं कापलं, आणि उरलेलं आमच्याच गळ्यात बांधलं. बिराजदार साहेबांची बदली झाली आणि पुढच्या वर्षी बढती.

तेव्हापासून भूम तालुक्यातल्या कुठल्याही कामावर आमच्या बाया गेल्या की मुकादम आधी गाव विचारायचे. लिंबाळवाडी म्हटलं की खडी फोडायला. पाण्यावर नाही. सात वर्षं हेच चाललं. मीही खडी फोडली.

ऐंशी साली तो बांध पुन्हा घ्यायचं ठरलं. काम मिळालं मजूर सहकारी संस्थेला. मजुरांनी मजुरांसाठी चालवायची संस्था, आणि तिचे चेअरमन तात्याराव, ज्यांची ओढ्याच्या पलीकडं साठ एकर जमीन आणि दोन विहिरी. सभासदांच्या यादीत माझं नाव होतं. ते मला यादी बघितल्यावर कळलं.

तात्याराव माझ्या दाराशी आले. आत बसा म्हणालो तर म्हणाले, हितंच बरं हाय, आणि उभेच राहिले. म्हणाले, “कोंडीराम, तुझ्याइतकी माती ह्या तालुक्यात कुणाला कळत न्हाय. नवा साहेब कोवळा हाय. थर तुझ्या मुठीवर. मिस्त्री म्हणून घेतो तुला. फकस्त एक हाय. हौदावर तूच उभं ऱ्हायचं.”

त्यांना काय पाहिजे ते मला कळलं. हौदावर गावातला माणूस ठेवला तर वस्तीच्या बाया त्याच्याशी भांडल्या असत्या. माझ्याशी भांडणार नव्हत्या. चांगुणा आत ऐकत होती. ते गेल्यावर तिनं विचारलं, “जाणार हायसा?” मी जाणार होतो. का, ते तिला सांगता आलं नाही, इथं सांगतो. माझ्या हातानं उभं राहिलेलं आणि न पडलेलं असं एक तरी काम मला मरायच्या आधी बघायचं होतं. एवढंच. यात वस्तीचं काही भलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यातही पाणी नव्हतं. आड मुरमाखाली होता, तो उपसायचा अर्ज पंचायतीत सहा वर्षं पडून होता. बाया दीड कोसावरून पाणी आणायच्या. कामावर पाण्याला गावातल्या बाया घेतल्या होत्या. टँकर यायचा, हौद भरायचा, आणि मी हौदापाशी उभा. चौथ्या दिवशी केशरमावशी आली. पाठीत वाकली होती, घागर काखेत. भरलेल्या हौदाकडं बघत थोडा वेळ थांबली.

“एक घागर दे,” ती म्हणाली.

“न्हाय मावशी.”

“आड तर ऱ्हायला न्हाय. जमीन ऱ्हायली न्हाय. मग आता ह्ये राखतोस कुणासाठी?”

“बांधासाठी,” मी म्हणालो.

ती हौदाशेजारीच सावलीला बसली. दुपारी जेवणाची सुट्टी झाली, माणसं पांगली, हौदापाशी आम्ही दोघंच. मला वाटतं ती मला एक संधी देत होती. मी पाठ फिरवली असती तरी भागलं असतं. मी पाठ फिरवली नाही. मी तिच्याकडं तोंड करून, हौदाच्या काठावर हात ठेवून उभा राहिलो, माणसं परत येईपर्यंत. मग ती उठली, रिकामी घागर डोक्यावर पालथी घातली आणि गेली. मरेपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

एकही थर कोरडा गेला नाही. ऑक्टोबरात तलाव सांडव्यापर्यंत भरला. नवा साहेब बांधावरून चालला, उतार तपासले, आणि चारचौघांत म्हणाला की असं काम करणारा मिस्त्री त्यानं बघितला नाही. पाझर फुटला तो तात्यारावच्या दोन्ही विहिरींना. पुढच्या साली त्यांनी ऊस लावला.

आड अजून मुरमाखालीच आहे. मी एकदा पहार घेऊन जाऊन आलो. पाच फूट खाली गेलो तेव्हा मुरूम ओला लागला. एकट्यानं उपसणं होत नाही, आणि माझ्या जोडीला वस्तीतलं कुणी येत नाही.

चांगुणा रोज सकाळी घागर घेऊन तात्यारावच्या विहिरीवर जाते. मोटार चालू झाली की पाटाच्या तोंडाशी भरू देतात. मोटार कधी चालू होईल ते तात्यारावच्या गड्यावर असतं, म्हणून ती बसून राहते. मी बाजाराला जाताना बांधावरून जातो. बाहेरचा उतार बघतो. कुठं ओल नाही. कुठं भेग नाही.